तीन लाटा सोडून

प्रश्न विचारून झाला होता आणि आता खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरला होता. अण्णांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात ताटलीत पेरूच्या फोडी होत्या. एका फोडीवर मीठ जरा जास्त पडले होते आणि ते करंगळीच्या नखाने बाजूला सारत होते. इतक्या सावकाश, की त्या एका कामात सगळी दुपार घालवायचे त्यांनी ठरवले असावे. मी वाट पाहत राहिलो. वाट पाहायला त्यांनीच शिकवले होते मला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, खाली आईचा फोटो, आणि या तिघांपासून जराशा अंतरावर, पाहुण्याने अवघडून बसावे तशी टांगलेली, काचेमागे पिवळी पडत चाललेली ती चौकट: महापुराच्या दिवशी केंद्र न सोडता अखंड वाचने घेतल्याबद्दल श्री. सीताराम यांना खात्यातर्फे प्रशस्तिपत्र. लहानपणी मी ती वाक्ये मोठ्याने वाचायचो. ‘अखंड’ या शब्दाशी आलो की माझा आवाज आपोआप चढायचा. आता मी त्या चौकटीकडे पाहायचे टाळत होतो, आणि अण्णा मिठाचा एकेक कण सारत होते, आणि कल्याणच्या जानेवारीतली ती कोरडी, पांढरी दुपार दाराशी येऊन थबकली होती. “सहा वाजताचं वाचन तुम्ही पट्टीवरून घेतलं होतं का?” एवढेच विचारले होते मी.

अण्णा, म्हणजे माझे वडील सीताराम, अठ्ठावीस वर्षे उल्हास नदीवर जलमापक होते. काठाला उतरत्या क्रमाने लोखंडी पट्ट्या रोवलेल्या असत, काळ्यापांढऱ्या, सेंटिमीटरच्या खुणांच्या. त्यांच्यावर पाणी कुठवर आले ते पाहायचे, वहीत लिहायचे, आणि पावसाळ्यात दर तासाला चौकीतल्या फोनवरून ते कळवायचे. एवढेच काम. पण त्या कामाभोवती त्यांनी स्वतःचे असे एक अबोल शास्त्र उभे केले होते. रविवारी ते मला सोबत न्यायचे. मी पट्टीसमोर उकिडवा बसायचो, पाणी खालीवर हलायचे, आणि मी घाईने आकडा सांगितला की ते डोक्यावर हलकी टपली मारायचे. “पहिली लाट खोटं बोलते. दुसरी चिडलेली असते. तिसरी दमलेली. तीन सोड. मग पाणी क्षणभर थांबतं, तेवढं वाच.” मी थांबायचो. पाणी खरोखरच थांबायचे, श्वास घेऊन सोडण्यापूर्वी छाती थांबते तसे, आणि त्या निमिषात पट्टीवरची रेघ लखलखीत ओली दिसायची. अकरा पॉइंट सदतीस, मी ओरडायचो. एकदा मी कंटाळून अकरा पॉइंट चाळीस म्हणालो, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि जे सांगितले ते मी पुढे पदवीच्या, संशोधनाच्या, सगळ्या वर्षांत कुठल्याही पुस्तकात वाचले नाही. “शून्य आणि पाच माणसाला आवडतात, राजू. पाण्याला नाही आवडत.”

गुरुवारी मला हेच वाक्य आठवायला नको होते. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कार्यालयात, पूर्वी जिथे यंत्रांचे सुटे भाग बनत आणि अजूनही पावसाळी हवेत ज्या भिंतींना तेलाचा वास सुटतो त्या मजल्यावर, मी नदी बनवतो. म्हणजे तिचे गणित. पाऊस किती पडला, डोंगरावरून किती धावला, पात्र कुठे रुंद, कुठे आवळलेले, हे सगळे यंत्राला सांगायचे आणि त्याने सांगायचे की अमुक वाजता अमुक ठिकाणी पाणी इतके चढेल. घडून गेलेल्या पुराचे उत्तर बरोबर आले, तरच न घडलेल्या पुरावर विश्वास ठेवता येतो. समुद्र तापतो आहे, पावसाचे दिवस कमी होताहेत आणि उरलेल्या दिवसांत तो एकदम कोसळणार आहे. पुढच्या तीस वर्षांचा तो पाऊस माझ्या मॉडेलमधल्या नदीवर पाडून पाहायचा, आणि मग कल्याणच्या काठाने पूररेषा आखायची, हे आमचे काम होते. रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. अहवाल सोमवारी द्यायचा होता. आणि माझे मॉडेल वीस वर्षांपूर्वीच्या जुलैतल्या त्या महापुरापाशी येऊन दरवेळी हट्ट धरून बसे. यंत्र म्हणे, पाणी नोंदीपेक्षा जवळजवळ दोन मीटर वर होते. मी म्हणे, नाही. मी नदीचा खडबडीतपणा कमी केला. तळ गुळगुळीत झाला की पाणी अडत नाही, झरझर निघून जाते, पातळी उतरते. आणखी थोडा कमी केला. महिनाभर, रोज थोडा थोडा, मी नदीच्या पात्रातली झुडुपे, वाळूचे उंचवटे, पुलांचे खांब, गाळात रुतलेल्या जुन्या होड्या, सगळे घासून काढत होतो. शेवटी पाणी त्या आकड्यापर्यंत उतरले, आणि मला किती शांत झोप लागली होती त्या दिवशी.

“राजरत्न, एक सांग,” ऋजुता माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. ती आमच्या गटाची प्रमुख. बोलते हसत, पण नजर आकड्यांवरून हलत नाही. “तुझ्या नदीत एकपण दगड नाहीये का रे?”

“म्हणजे?”

“हा खडबडीतपणाचा आकडा बघ ना. सिमेंटच्या गटारालापण एवढा कमी नसतो. तू काय नदीला पॉलिश मारून ठेवलंयस?” आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. “आणि प्रत्यक्षातली वाचनं? ती तपासलीस?”

“ती पक्की आहेत.”

“कशावरून?”

“वाचणारा माणूस मला माहितीये.”

“मग तर डबल चेक कर, बाबा,” ती म्हणाली आणि चहाला गेली.

तपासण्याची एक साधी रीत आहे, इतकी साधी की ती आधी न केल्याबद्दल मला कुणी काढूनही टाकू शकले असते. शेवटचा अंक पाहायचा. खऱ्या वाचनांत शेवटी शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक साधारण सारखेच येतात. नदीला त्यांपैकी कुणाचेच सोयरसुतक नसते. मी अण्णांची अठ्ठावीस वर्षे यंत्रासमोर ठेवली. दहा अंकांचे दहा खांब पडद्यावर उभे राहिले, एकाच उंचीचे, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे. एवढा प्रामाणिकपणा मी आकड्यांत कधी पाहिला नव्हता. मग मी फक्त तो दिवस उघडला. चार वाजता, अकरा पॉइंट अठ्ठ्याण्णव. पाच वाजता, बारा पॉइंट सव्वीस. सहा वाजता, बारा पॉइंट नव्वद. सात वाजता, तेरा पॉइंट पंचेचाळीस. आठ, तेरा ऐंशी. नऊ, तेरा ऐंशी. दहा, तेरा पंचावन्न. सहापासून पुढे शून्य, पाच, शून्य, शून्य, पाच. मी पडद्याकडे पाहत होतो आणि पडद्यातून माझ्या डोक्यावर हलकी टपली बसत होती.

त्यानंतरचे तीन दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखे नाही. घोडबंदर रोडच्या माझ्या बाराव्या मजल्यावर उभा राहून खाली अडकलेल्या गाड्यांचे लाल दिवे पाहत मी एकच गोष्ट चाचपत राहिलो. की एकाच संध्याकाळच्या दोन आठवणी मी वीस वर्षे दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या होत्या, आणि मधले दार मला दिसत असूनही कधी उघडले नव्हते. एका खोलीत ही चौकट: केंद्र न सोडता. दुसऱ्या खोलीत पत्र्याच्या छपरावर बसलेला अकरा वर्षांचा मी. आई ठाण्याच्या दवाखान्यात कामावर अडकलेली. आमच्या पंचशीलवाडीत पाणी एखाद्या जनावरासारखे दबकत शिरले होते, आवाज न करता, आणि मग एकदम सगळीकडे होते. रॉकेलचा वास. कुणाचे तरी पिवळे पातेले गोल गोल फिरत जाणारे. आणि त्या तपकिरी पाण्यातून, खाकी शर्टातले, फक्त डोके आणि खांदे दिसणारे अण्णा. ते खांदे माझ्या आयुष्यातली पहिली जमीन होते. त्यांच्यावर बसून मी वाडीच्या टोकाच्या बुद्धविहारापर्यंत गेलो होतो आणि माझ्या घोट्यांना पाणी लागत होते. अजून पुरते अंधारले नव्हते. विहाराचा निळा रंग मला स्पष्ट आठवतो. म्हणजे सहा. फार तर सव्वासहा. मी जिवंत होतो हाच त्या वाचनांविरुद्धचा पुरावा होता, आणि मी तो शरीरभर वागवत, त्याच वाचनांवर माझी नदी उभी करत आलो होतो.

“आरं, कवा आलास?” दारातून आवाज आला आणि पंख्याच्या आवाजाला तडा गेला. जाईआत्या, अण्णांची थोरली बहीण, शेजारच्याच खोलीत राहणारी. हातात वाटी, वाटीत सुकटाची चटणी. “घे. भाकरी हाय का घरात? ठमाबाई असती तर ताजी कोळंबी घातली असती तुला. आता कुटली कोळंबी अन् कुटलं काय.”

अण्णांचे नख थांबले. मी ते पाहिले, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. ठमाबाई खालच्या काठावरून, खाडीच्या बाजूने, पाटी घेऊन यायची; मला राजूबाळा म्हणायची आणि पाटीतली एक मोठी कोळंबी फुकट टाकायची. त्या पुरानंतर ती आली नाही. मुलांच्या जगातून माणसे अशीच नाहीशी होतात, चौकशी न होता.

“आपल्या बिल्डिंगची रेघ झाली का मारून?” आत्या खाली बसत म्हणाली. पंचशीलवाडीच्या या बैठ्या खोल्यांच्या जागी सात मजले होणार होते. नकाशे झाले होते, सह्या झाल्या होत्या, समितीचे अध्यक्ष अण्णाच होते, आणि अडले होते ते फक्त आमच्या अहवालावर. गुळगुळीत नदीची माझी रेषा वाडीच्या मागच्या गटारापाशी थांबत होती. वाडी बाहेर राहत होती. “नीट मार बाबा. जरा नदीकडं सरकवून मार. तुज्या हातात हाय तर.”

“तशी नाही मारता येत, आत्या.”

“का न्हाई? पेन्शिल तुजीच ना? मला मरायच्या आधी एकदा लिफ्टमधी बसायचंय बघ. वर जायचं, खाली यायचं, परत वर जायचं.” ती स्वतःच हसली. नेहमी अण्णा इथे काहीतरी टोला हाणत. आज त्यांनी ताटलीतली फोड नुसती इकडून तिकडे सरकवली. आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “काय रं सीताराम? बापलेकांची तोंडं का शिवल्यात? भांडलाव व्हय?” मग ती गुडघ्यांवर हात रेटत उठली. “वाटी धुऊन दे,” एवढे म्हणून गेली. तिच्या दाराचा उंबरा जमिनीपासून वीतभर वर आहे. पुरानंतर तिने स्वतः विटा लावून तो उंच केला होता; पुन्हा पाणी आले तर अडेल म्हणून. वीतभर.

अण्णांनी ताटली बाजूला ठेवली. चप्पल घातली. “चल,” ते म्हणाले. “ते तुझं यंत्र आणलंयस ना?”

मी पिशवी उचलली. उपग्रहांवरून उंची मोजणारे यंत्र आणि त्याची तिपाई मी पिशवीत घालून आणली होती, आणि येताना सगळ्या वाटेवर स्वतःला सांगत होतो की सवयीने आणली आहे.

विहार वाडीच्या टोकाला. त्याचा निळा रंग दर दोन-तीन वर्षांनी नवा होतो, त्यामुळे भिंतीवर पुराची खूण उरली नव्हती. मी ती पूर्वी शोधून पाहिली होती, अहवालासाठी नाही, नुसतीच. दगडी पायऱ्या मात्र त्याच. अण्णा पायऱ्या चढू लागले. त्यांचा उजवा गुडघा आता वाकत नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चौथीवर ते थांबले. भिंतीकडे तोंड केले. टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली, शाळेत उंची मोजताना मूल उभे राहते तसे; आणि मग उजव्या हाताचा तळवा कमरेशी आडवा धरून भिंतीला टेकवला. दुपारचे ऊन त्यांच्या बोटांमधून भिंतीवर पडले होते. मला उगाचच वाटले की ते तीन लाटा सोडताहेत.

“खांद्यावर तू होतास,” ते भिंतीलाच म्हणाले. “पाणी इथं.”

मी खडूने रेघ मारली. त्यांनी हात काढला. पायथ्याशी उघड्यावर तिपाई उभी करून मी यंत्र लावले, उपग्रह सापडेपर्यंत थांबलो, मग टेपने रेघेपर्यंतची उंची घेतली, पट्टीच्या शून्याशी हिशेब जुळवला. माझे हात आपले काम अतिशय नीट करत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. पंधरा पॉइंट त्रेसष्ट. माझे मॉडेल महिनाभर माझ्याशी ज्या आकड्यासाठी भांडत होते, त्याच्यापासून हातभरसुद्धा दूर नाही. डोळ्यांसमोर माझ्या काचेच्या नदीत एकेक दगड परत येऊन पडू लागला. खांब उभे राहिले, झुडुपे तळातून वर आली, पाणी अडले, फुगले, आणि शांतपणे, कुणावरही राग नसल्यासारखे, गटार ओलांडून वाडीत शिरले.

“किती?” अण्णांनी विचारले.

“पंधरा त्रेसष्ट.”

“म्हणजे वाडी आत.”

“हो.”

“सगळी?”

“सगळी, अण्णा. आणि पुढच्या तीस वर्षांचा पाऊस अजून धरलेला नाही यात.”

त्यांनी मान हलवली. चौथ्या पायरीवरच बसले. “उद्या देणार ना? साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. पूर्ण. हुद्द्यासकट घाल. जाईला मी सांगीन.” मग उजवा गुडघा चोळत, “मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा चौकीत गुडघाभर चिखल होता. वरची पट्टी वाकलेली. वही कोरडी होती, फळीवर ठेवलेली. पट्टी चौदाला संपते. तिच्यावरचं लिहायचं तर मी तिथं असायला हवं होतं. म्हणून चौदाच्या आत लिहिलं. फोन बंद पडला होता असं सांगितलं. बसून लिहिलं. खुर्चीत.”

“मला कळतं, अण्णा. कुणीही हेच केलं असतं. त्या कागदासाठी तुम्ही—”

“कागद?” त्यांनी इतक्या खऱ्या आश्चर्याने माझ्याकडे पाहिले की मला माझ्या दयेची लाज वाटली. “तो कागद तुझ्या आईनं लावला. मी नाही लावला. अरे, सहाचा फोन, राजू. मी सहाला फोन करायचा आणि तिकडून खालच्या काठाला भोंगा वाजायचा. साडेबारा ओलांडलं की भोंगा. पाचला सव्वाबारा होतं. मला दिसत होतं ना, तासाभरात ओलांडणार. पण वाडीत पाणी शिरलं म्हणून कुणीतरी ओरडत आलं, आणि मी निघालो. तुला इथं वर ठेवलं. परत जायला निघालो होतो. कमरेएवढ्या पाण्यातून वरच्या वाटेनं जाता आलं असतं अजून. आलं असतं.” त्यांचा आवाज शेवटच्या शब्दापाशी चिरला नाही, तो पट्टीसारखा सरळ राहिला, आणि म्हणूनच मला ऐकवेना. “भोंगा वाजला नाही. ठमाबाई, तिचा धाकटा भाऊ, आणि त्या घरातलं अजून एक माणूस. नाव मला माहीत आहे, पण मी घेत नाही.”

आणि तेव्हा मधले दार आपोआप उघडले. त्या खोलीतला उजेड निळा होता. विहाराच्या वरच्या मजल्यावर ओल्या सतरंजीवर माणसे दाटीने बसली आहेत, कुणीतरी लहान मूल एकसुरात रडते आहे, आणि खाकी शर्ट माझ्यापासून दूर जातो आहे. मी धावत जाऊन तो धरला आहे. दोन्ही मुठींनी. जाऊ नका, अण्णा. जाऊ नका. शर्ट ओढला गेला, काहीतरी तुटले. नंतर कितीतरी दिवस माझ्या कंपासपेटीत एक खाकी बटण होते. ते कुठून आले हे मला कधीच आठवत नसे, आणि मी ते कधी फेकलेही नव्हते. सहावीत, सातवीत, भूमितीच्या तासाला पेटी उघडली की ते कर्कटकाच्या टोकाशी खुळखुळे. चार भोकांचे. एका भोकात दोऱ्याचा तुकडा अडकलेला.

खाली वाडीत कुणीतरी नळाखाली बादली लावली होती; रिकाम्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज हळूहळू जाड होत गेला. अण्णा माझ्याकडे पाहत होते. वीस वर्षे तिसऱ्या लाटेपाशी अडकलेला माणूस चौथीची वाट पाहतो तसे. त्यांच्या डोळ्यांत आरोप नव्हता, विनवणीही नव्हती. फक्त एक मोजमाप त्यांना घ्यायचे राहिले होते, आणि ते वाचू शकेल असा माणूस जगात मी एकटाच होतो.

“राजू,” ते म्हणाले, “तू शर्ट सोडला असतास, तर मी गेलो असतो का रे?”

मी तिपाईचे पाय मिटले. एक, दोन, तीन. यंत्र पिशवीत ठेवले, पिशवी खांद्याला लावली, आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघेकडे पाठ करून वाडीतून स्टेशनच्या रस्त्याला लागलो.